श्रोते दोन, भूमिका एक

१९३६ च्या उन्हाळ्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन भाषणे तयार केली. एक इंग्रजीत, लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या वार्षिक परिषदेसाठी. तिथे ऐकायला बसणार होते सवर्ण हिंदू सुधारक, त्यातले बरेचसे आर्य समाजाच्या वळणाचे. दुसरे मराठीत, मुंबई इलाखा महार परिषदेसाठी, म्हणजे स्वतःच्या माणसांपुढे. लाहोरचे भाषण झालेच नाही. मुंबईचे ३१ मे रोजी झाले. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ आणि ‘मुक्ती कोन पथे?’ या नावांनी ही दोन्ही आज सहज मिळतात. समोरच्याचे मन वळवायचे कसे हे ज्याला शिकायचे आहे त्याने ती शेजारी ठेवून वाचावीत. वक्तृत्वावरच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकाहून ती जास्त शिकवतात, असे माझे ठाम मत आहे.

अवघड काम लाहोरचे होते. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले होते, आणि आता हिंदूंच्याच परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले होते. श्रोते वक्त्याचे म्हणणे मानताना त्याची पतही जोखतात, हे अ‍ॅरिस्टॉटलने ओळखले होते. या सभेत ती पत आधीच वादात होती. अशा वेळी पुष्कळ वक्ते नम्रतेची चार वाक्ये बोलून मूळ अडचण झाकून टाकतात. बाबासाहेबांनी ती स्वतःच टेबलावर मांडली. तुमच्यातल्या अनेकांना माझी निवड खटकली असेल, असे सांगून ते थेट रामदासांच्या ‘दासबोधा’पर्यंत गेले. अंत्यज विद्वान असला तरी त्याला गुरू करू नये, असे तिथे सांगितले आहे, याची त्यांनी श्रोत्यांना आठवण करून दिली. विरोधकाचा सर्वांत धारदार मुद्दा त्याच्या आधी आपणच मांडायचा, तोही पूर्ण ताकदीनिशी: आपल्या जुन्या शास्त्रार्थात याला पूर्वपक्ष म्हणत. ऐकणारा त्यामुळे बचावाचा पवित्रा सोडतो, कारण त्याच्या मनातले बोलून झालेले असते.

यापुढचा भाग मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी त्याच्या बांधणीने थक्क झालो आहे. राजकीय सुधारणा आधी की सामाजिक, हा काँग्रेसमधला जुना वाद. १८९२ च्या अलाहाबाद अधिवेशनात अध्यक्ष उमेशचंद्र बॅनर्जी यांनी सामाजिक सुधारणावाद्यांना प्रश्नांच्या माळेने उडवून लावले होते: आमच्या विधवांची लग्ने होत नाहीत, मुलींची लग्ने लवकर होतात, म्हणून आम्ही राजकीय सुधारणांना अपात्र ठरतो का? सभेने टाळ्या दिल्या. बाबासाहेबांनी हे आधी जसेच्या तसे श्रोत्यांपुढे ठेवले आणि मग घटना सांगायला सुरुवात केली.

या घटनांचा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिली पेशवाईतली, अस्पृश्यांना बांधाव्या लागणाऱ्या गळ्यातल्या मडक्याची आणि कमरेच्या झाडूची. तेवढ्यावर थांबले असते तर कुणीही म्हटले असते की तो काळच तसा होता. म्हणून लगेच १९२८ सालचे इंदूर भागातले बलाई या अस्पृश्य जातीचे लोक, ज्यांच्यावर कपड्यालत्त्यापासून दागिन्यांपर्यंत बंधने घातली गेली. मग गुजरातेतले कविठा, तिथे प्रश्न मुलांच्या शाळेचा होता. मग झानू गाव, तिथे अस्पृश्य बायकांनी पाण्यासाठी धातूची भांडी वापरली म्हणून त्यांना मार बसला. शेवटी जयपूर संस्थानातले चकवारा. तिथे तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्याने आपल्या लोकांना जेवण दिले, पंगतीत तूप वाढले, आणि गावातल्या सवर्णांनी लाठ्या घेऊन ती पंगत उधळली. ही घटना एप्रिल १९३६ ची, म्हणजे भाषणाच्या ठरलेल्या तारखेआधी जेमतेम दीड महिन्याची. ‘जुने झाले’ असे म्हणून सुटण्याची वाट एकेक करत बंद होत जाते.

आणि मग येतात त्यांचे स्वतःचे प्रश्न, घडण हुबेहूब बॅनर्जींच्या प्रश्नांची. सार्वजनिक शाळा, विहिरी आणि रस्ते तुम्ही आपल्याच देशबांधवांना वापरू देत नाही, हवे ते कपडे व दागिने घालू देत नाही, हवे ते अन्न खाऊ देत नाही. तरीही तुम्ही राजकीय सत्तेला पात्र आहात का? ज्या साच्याने चव्वेचाळीस वर्षांपूर्वी टाळ्या मिळवल्या, त्याच साच्यात आता उत्तर देणे अशक्य होते. पाठोपाठ जॉन स्टुअर्ट मिलचे तत्त्व. एका देशाने दुसऱ्यावर राज्य करू नये हे काँग्रेसवाल्याला मान्यच होते. मग एका वर्गाने दुसऱ्यावर राज्य करावे हे त्याला कसे मान्य होणार? स्वराज्यासाठी भांडणाऱ्या माणसाला हे नाकारायचे तर स्वराज्याची मागणीच सोडावी लागेल. श्रोत्याने आधीच मानलेल्या गोष्टीवरून चालत त्याला न मानलेल्या गोष्टीपर्यंत नेणे, हा युक्तिवादाचा गाभा मला इतक्या स्वच्छ रूपात दुसरीकडे क्वचितच सापडला.

याच रीतीने ते पुढे शास्त्रांच्या प्रामाण्यापर्यंत पोहोचतात. सहभोजन आणि आंतरजातीय विवाह पुरेसे नाहीत, जात ज्या ग्रंथांच्या पावित्र्यावर टिकून आहे ते पावित्र्यच नाकारले पाहिजे, असा निष्कर्ष. त्याला आधार म्हणून नावे घेतली बुद्धाची आणि गुरू नानकांची. पंजाबच्या सभेत नानकांचे नाव म्हणजे तिथल्याच मातीतला साक्षीदार.

नेमका हाच शेवटचा भाग मंडळाला पेलला नाही. वेदांविषयीचा मजकूर गाळावा असे पत्र आले. श्रोत्यांसाठी उदाहरणे, साक्षीदार, प्रश्नांची घडण एवढ्या काळजीने निवडणाऱ्या या माणसाने निष्कर्षातला स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद बारगळली. त्यांनी स्वखर्चाने १,५०० प्रती छापल्या आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. मला वाटते, मन वळवणे आणि खूश करणे यांतली रेघ इथे दिसते. आजचे बहुतेक राजकीय वक्ते फक्त आधीच पटलेल्यांच्या टाळ्यांसाठी बोलतात. न पटलेल्यासमोर उभे राहण्याची मेहनत कुणी घेत नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

गांधीजींनी जुलै १९३६ मध्ये ‘हरिजन’मध्ये या भाषणावर टीका लिहिली. कुठल्याही सुधारकाला ते डावलता येणार नाही असे मान्य केले, आठ आण्यांची किंमत कमी करावी असेही सुचवले, पण वर्णधर्माची बाजू घेतली. बाबासाहेबांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची टीका छापली आणि तिच्याबरोबर आपले उत्तर. न्यायसूत्रांत चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधणारा, जिंकण्यासाठीचा आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त खोडून काढणारा. विरोधकाचा लेख स्वतःच्या पुस्तकात छापणारा माणूस पहिल्या प्रकारातला.

मुंबईच्या भाषणात लाहोरसारखा मिल नाही, बर्क नाही, कोलंबियातले गुरू ड्यूई नाहीत. प्रवासाला निघण्याआधी नावाडी करतो तशा तयारीची उपमा आहे. रोजच्या जाचाचे दाखले ऐकणाऱ्यांना नवे नव्हते, म्हणून ते पटवण्यात वेळ गेलेला नाही. विचारले आहे ते हे, की हा जुलूम आपल्यावरच का होतो? उत्तर येते बळाच्या हिशेबाने: मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मानसिक बळ, तिन्ही आपल्याकडे तोकडी आहेत, ती बाहेरून मिळवायला हवीत. धर्मांतराने राजकीय हक्क जातील का, नुसते नाव बदलून काय होणार, पूर्वजांचा धर्म कसा सोडायचा, या घरोघरी बोलल्या जाणाऱ्या शंका एकेक घेऊन सोडवल्या आहेत. इथेही पूर्वपक्ष आहेच, फक्त तो आपल्याच माणसांच्या भीतीचा आहे. जो धर्म आपल्याला माणूस मानत नाही त्यात का राहायचे, अशा प्रश्नांची ओळ शेवटी येते, आणि ती मराठी कानाला लगेच पाठ होते.

दोन्ही भाषणांचा शेवट श्रोत्यावर निर्णय सोपवून होतो. लाहोरकरांना सांगायचे होते की जात तुम्हीच उखडा, माझ्या मार्गाने नाही तर तुमच्या मार्गाने, पण मी तुमच्यात नसेन. मुंबईत त्यांनी बुद्धाने आनंदाला केलेला अखेरचा उपदेश सांगितला, स्वतःच्या बुद्धीवर विसंबण्याचा. प्रत्यक्ष धर्मांतर नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला झाले. मधली वीस वर्षे ते हाच विषय लिहीत, बोलत आणि लोकांच्या शंकांना उत्तरे देत राहिले.