पंचक्रोशी

पंचक्रोशी हा एखाद्या गावाच्या किंवा तीर्थक्षेत्राच्या सभोवतालचा भूभाग दर्शवणारा मराठी शब्द आहे. हे स्त्रीलिंगी नाम असून 'पाच क्रोशांचा समूह' असा त्याचा विग्रह होतो. समास द्विगु आहे. संस्कृत 'क्रोश' शब्दाचा मूळ अर्थ हाक किंवा आरोळी. हाक जेथवर ऐकू जाते ते अंतर म्हणजे क्रोश. पुढे हेच माप मराठीत 'कोस' झाले व साधारण दोन मैलांचे मानले जाऊ लागले. इतक्या दूर कोणाचीही हाक पोहोचत नाही, पण शब्द टिकला.

धार्मिक वापर

तीर्थक्षेत्राची पवित्र मर्यादा पाच कोसांची मानण्याची प्रथा जुनी आहे. काशीची पंचक्रोशी यात्रा हे तिचे सर्वपरिचित उदाहरण होय. या अर्थाने पंचक्रोशीला सीमा असते व तिची प्रदक्षिणा करता येते.

नेवासे व ज्ञानेश्वरी

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, अशी परंपरा आहे. ग्रंथाच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी रचनेचे स्थळ सांगताना गावाचे नाव मात्र घेतलेले नाही. कलियुग, महाराष्ट्रमंडळ, गोदावरीचा काठ, अनादि पंचक्रोश क्षेत्र, तेथील श्रीमहालया आणि राज्य करणारा यादव राजा रामचंद्र अशा क्रमाने, बाहेरून आत येत, ठिकाण व काळ दोन्ही निश्चित केले आहेत. रामचंद्राची कारकीर्द इ.स. १२७१ ते १३११ अशी असल्याने ग्रंथाचा परंपरागत काळ, शके १२१२ (इ.स. १२९०), तिच्यात बसतो. महालया म्हणजे नेवाशाचे ग्रामदैवत मोहिनीराज, असे मानले जाते.

येथे एक अडचण उभी राहते. नेवासे गोदावरीच्या काठी नसून प्रवरेच्या काठी आहे. 'पंचक्रोश' हा शब्द नुसते विशेषण म्हणून सोडून दिला, तर काठाचा उल्लेख चुकीचा वाटतो. तो क्षेत्रवाचक धरला, तर विसंगती बरीच कमी होते: प्रवरा व गोदावरी यांचा संगम प्रवरासंगम येथे, नेवाशापासून पाच कोसांच्या आतच आहे. वर्णन एका वस्तीचे नसून क्षेत्राचे आहे, असे वाचन त्यामुळे शक्य होते. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ग्रंथ सांगितला असे मानतात, तो नेवाशाचा 'पैस खांब' होय. 'पैस' म्हणजे विस्तार; 'ऐसपैस' या रूढ शब्दात तो आजही आढळतो. दुर्गा भागवत यांच्या 'पैस' या ललितलेखसंग्रहाला १९७१ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आधुनिक वापर

आजच्या मराठीत पाच ही संख्या कोणी मोजत नाही. 'पंचक्रोशीतील ग्रामस्थ', 'पंचक्रोशीत नाव असलेला पैलवान' अशा प्रयोगांत ओळखीची, बाजाराची आणि सोयरिकीची आजूबाजूची गावे अभिप्रेत असतात. शब्द बहुधा 'पंचक्रोशीत' किंवा 'पंचक्रोशीतील' या रूपांत येतो. ग्रामीण वळण असल्याने मोठ्या शहराबाबत तो खटकतो. तेथे 'परिसर' किंवा 'उपनगर' वापरले जाते.

जवळचे शब्द

'परिसर' हा सर्वात व्यापक शब्द आहे. इमारतीलाही परिसर असतो, पंचक्रोशी नसते. 'शिवार' म्हणजे एका गावाची शेतजमीन. गावठाण म्हणजे वस्तीची जागा, म्हणून ती शिवारात मोडत नाही आणि शेजारच्या गावाचे शिवार वेगळे असते. राज्य शासनाने डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या जलयुक्त शिवार अभियानाच्या नावात हाच शब्द आहे, मात्र पाणी शिवाराची हद्द मानत नसल्याने अशा कामांत 'पाणलोट क्षेत्र' ही संज्ञाही लागते. 'पर्यावरण' ही शास्त्रीय परिभाषेतून रूढ झालेली संज्ञा असून तिला गाव नसते. 'वातावरण' हवेपासून सभेतील तणावापर्यंत कशालाही चालते.

'संदर्भ' हा शब्द 'गुंफणे' या अर्थाच्या संस्कृत धातूपासून आला असून तो जमिनीऐवजी मजकुराच्या सभोवतालाविषयी वापरतात. 'पंचक्रोशीच्या संदर्भात' असे म्हणता येते. 'संदर्भाच्या पंचक्रोशीत' हा प्रयोग केवळ लाक्षणिक ठरतो.