तीन दिवसांची दिल्ली : काय पाहावे, काय घ्यावे

दिल्ली ही आपल्या देशाची राजधानी. १९११ साली इंग्रजांनी राजधानी कलकत्त्याहून येथे हलविण्याची घोषणा केली आणि १९३१ साली नवी दिल्लीचे उद्घाटन झाले. परंतु त्यापूर्वीही कित्येक राजवटींनी याच भूमीवर आपली राजधानी वसविली होती. आपले सभासद व विद्यार्थी परीक्षा, मुलाखत, अधिवेशन अशा निमित्तांनी दिल्लीस जातात. परत आल्यावर "काय पाहिले?" असे विचारले तर लाल किल्ला, कुतुबमिनार आणि बाजार, एवढेच उत्तर बहुधा मिळते.

आमचेही पहिल्या वेळी तसेच झाले. स्टेशनाबाहेर भेटलेल्या रिक्षावाल्याने "सरकारी एम्पोरियम" म्हणून आम्हांस एका दुकानात नेले. अर्धा दिवस आणि खिशातील बरेच पैसे तेथेच गेले. आमच्यातील एका ताईंनी शुद्ध रेशमाची म्हणून घेतलेली साडी घरी आल्यावर कृत्रिम धाग्याची निघाली. पैशाचे दुःख विसरता येते. पण त्याच संध्याकाळी २६ अलीपूर मार्गावर पोहोचलो तेव्हा फाटक बंद झालेले होते आणि रात्रीची गाडी होती. बाहेरूनच हात जोडून आम्ही परतलो. ही हुरहूर इतरांस लागू नये, म्हणून हा लेखप्रपंच.

वार पाहून निघा

दिल्लीत वाराचे भान ठेवले नाही तर फेरा वाया जातो. लाल किल्ला व राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतात. करोलबाग आणि सरोजिनीनगरचे बाजारही सोमवारी बंद. चांदणी चौकातील बहुतेक दुकाने मात्र रविवारी बंद असतात आणि जुन्या पुस्तकांचा बाजार रविवारीच भरतो. म्हणून शनिवार, रविवार, सोमवार असे तीन दिवस धरल्यास सर्व काही साधते. प्रवासासाठी मेट्रो उत्तम. ती २००२ साली सुरू झाली व आता बहुतेक ठिकाणांच्या जवळ जाते.

शनिवार : अलीपूर मार्ग आणि चांदणी चौक

सकाळी प्रथम पिवळ्या मार्गिकेने सिव्हिल लाइन्स भागात जावे. येथील २६ अलीपूर मार्ग या वास्तूत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मंत्रिपद सोडल्यानंतर राहत होते. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथावर अखेरच्या दिवसांपर्यंत त्यांनी येथे काम केले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी येथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आज तेथे उघडलेल्या ग्रंथाच्या, अर्थात संविधानाच्या, आकाराचे राष्ट्रीय स्मारक उभे आहे. त्याचे उद्घाटन १३ एप्रिल २०१८ रोजी झाले. येथे किमान दोन तास द्यावेत. घाईने पाहण्याची ही जागा नव्हे.

तेथून त्याच मार्गिकेवर चांदणी चौक अगदी जवळ आहे. शाहजहानने बांधविलेला लाल किल्ला १६४८ मध्ये पूर्ण झाला. समोरच्या चौकाची आखणी त्याची मुलगी जहांआरा हिने केली. २०२१ पासून मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारींना बंदी असल्याने पायी फिरणे सुखाचे झाले आहे. येथे प्रत्येक गल्लीचा माल वेगळा. दरीबा कलां चांदीसाठी, किनारी बाजार जरी-गोट्यासाठी, खारी बावली मसाले व सुक्या मेव्यासाठी आणि नई सडक शालेय व स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध आहे.

रविवार : पुस्तके आणि अशोकाचा स्तंभ

दर्यागंजच्या पदपथावर अनेक वर्षे भरणारा पुस्तकबाजार २०१९ मध्ये जवळच्या महिला हाट येथे हलविण्यात आला. विद्यार्थी मित्रांनो, साडी-चपलांचे पैसे थोडे वाचवून येथे अवश्य या. जुनी पुस्तके अल्प किमतीत मिळतात. मात्र आवृत्ती कोणती आहे आणि पाने पूर्ण आहेत की नाहीत, ते पाहूनच घ्यावीत.

येथून फिरोजशाह कोटला जवळच आहे. कोटल्यातील इमारतीच्या माथ्यावर सुमारे १३ मीटर उंचीचा अशोकस्तंभ आहे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तो आजच्या हरियाणातील टोपरा गावाहून आणविला. कापसात व वेतात गुंडाळून, बेचाळीस चाकांच्या गाड्यावरून तो यमुनेपर्यंत ओढून नेला आणि पुढे नावांवरून येथे आला. त्या काळी त्यावरील ब्राह्मी लिपी कोणासही वाचता येत नव्हती. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने तिचा उलगडा केला.

अशोकाचा सातवा स्तंभलेख फक्त याच स्तंभावर आहे. माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेला वड लावले, आमराया लावल्या, विहिरी खोदविल्या, विश्रामस्थाने उभारली, असे सम्राट त्यात सांगतो. वाटसरूची काळजी वाहणारे हे शब्द वाटसरू म्हणून जाणाऱ्या आपण पाहू नयेत, हे योग्य नव्हे.

दुपारी जनपथवरील राष्ट्रीय संग्रहालय पाहावे. पिपरहवा येथील उत्खननात मिळालेले पवित्र बुद्धधातू याच संग्रहालयाचे आहेत. ते कधी कधी अन्यत्र दर्शनासाठी नेले जातात, म्हणून आधी चौकशी करावी.

सोमवार : कुतुब आणि दिल्ली हाट

७२.५ मीटर उंचीचा कुतुबमिनार आणि हुमायूनचा मकबरा सोमवारीही खुले असतात. कुतुबच्या आवारातील लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा असूनही गंजून गेलेला नाही. परतताना पिवळ्या मार्गिकेवरच आय.एन.ए. येथील दिल्ली हाट लागते. १९९४ साली सुरू झालेल्या या बाजारात निरनिराळ्या राज्यांचे कारागीर पाळीपाळीने आपला माल आणतात. विणणाऱ्याच्या वा घडविणाऱ्याच्या हातात सरळ पैसा पडतो. यापरती चांगली खरेदी कोणती?

खरेदीची पथ्ये

१) रिक्षावाला वा अनोळखी इसम नेईल त्या दुकानात जाऊ नये. त्याचे कमिशन आपल्याच किमतीत चढते. खरी सरकारी एम्पोरियम बाबा खडकसिंग मार्गावर एका रांगेत आहेत.

२) रेशमावर 'सिल्क मार्क' पाहावा. पदराचा एखादा सुटा धागा जाळून पाहता येतो. खरे रेशीम जळलेल्या केसांसारखा वास देते व त्याची राख चुरगळते. कृत्रिम धाग्याची मात्र कडक गोळी होते.

३) सोन्याच्या दागिन्यांवर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी हॉलमार्क क्रमांक सक्तीचा आहे. तो पाहून, पक्के बिल घेऊनच पैसे द्यावेत.

४) परतीच्या प्रवासाचे व जेवणाचे पैसे पहिल्याच दिवशी वेगळे बांधून ठेवावेत.

आपल्या आईवडिलांच्या पिढीतील अनेकांना दिल्ली पाहणे जमले नाही. आज आपणांस ते जमते आहे. तेव्हा पिशवी भरून आणावीच, पण सकाळी प्रथम अलीपूर मार्गावर जाऊन मगच बाजाराची वाट धरावी, एवढीच सर्व सभासदांना व विद्यार्थ्यांना आमची नम्र विनंती.