खवल्यांच्या त्वचेचं मोजमाप

थंडी सुरू झाली की मुलाच्या नडग्यांवरची कातडी कोरडी पडते, माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे दिसू लागतात. तेल चोळून थकलेली आई डॉक्टरांना विचारते, ''मागच्या वर्षीपेक्षा वाढलंय का हो?'' याचं उत्तर नुसत्या अंदाजाने देऊन चालत नाही.

हा विकार आनुवंशिक आहे. त्याचं नाव इक्थिऑसिस. ग्रीक भाषेत 'इक्थिस' म्हणजे मासा. त्याचा सौम्य प्रकार साधारण २५० माणसांत एकाला असतो. तीव्र प्रकार दुर्मीळ आहेत. त्यांत काही बाळं चकचकीत, ताणलेल्या पापुद्र्यात गुंडाळलेलीच जन्मतात. पुढे पापण्या बाहेर ओढल्या जातात, घाम नीट बाहेर पडत नाही आणि उन्हाळा जिवावर बेतू शकतो. यातले बरेच तीव्र प्रकार आईवडील दोघांकडून सदोष जनुक आल्यास होतात. म्हणूनच जवळच्या नात्यातल्या लग्नांत त्यांचा धोका वाढतो.

गुण कसे देतात?

त्वचारोगतज्ज्ञ दोन गोष्टी पाहतात: खवले किती जाड आणि लाली किती. दोन्हींना ० ते ४ गुण देतात. डोकं, हात, धड आणि पाय यांचा किती भाग व्यापला आहे, तेही हिशेबात धरतात. ही रीत सोरायसिससाठी १९७८ मध्ये निघालेल्या पद्धतीवरून बेतलेली आहे. एका डॉक्टरांचे ३ गुण दुसऱ्यांना २ वाटू नयेत, म्हणून २०१७ मध्ये नमुन्याच्या छायाचित्रांशी ताडून गुण देण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. त्वचेतून किती पाणी उडून जातं, हेही एका छोट्या यंत्राने मोजता येतं.

आकड्यांपलीकडे

खवले कमी असले तरी मनाला लागणारं दुःख कमी असतंच असं नाही. लांब बाह्यांचे कपडे घालणारी, कार्यक्रमाला जायचं टाळणारी मुलगी आठवून पाहा! त्यासाठी ब्रिटनमधील कार्डिफ येथे १९९४ मध्ये दहा प्रश्नांची यादी तयार झाली. गेल्या आठवड्यात खाज, संकोच, कपडे, कामधंदा यांबाबत किती त्रास झाला, हे मोठ्या वयाचा रुग्ण स्वतः सांगतो. मुलांसाठी वेगळी प्रश्नावली आहे.

घरी काय कराल?

दर महिन्याला त्याच जागेचा, त्याच उजेडात फोटो काढून तारीख लिहून ठेवा. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मलम लावा. खवले झडवणारी औषधी मलमं तान्ह्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. आणि शेजारीपाजारी, शाळेत ठामपणे सांगा, हा रोग स्पर्शाने पसरत नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्या आईला अंदाजावर अवलंबून राहावं लागणार नाही.