हिंगण्याचा अनाथ बालिकाश्रम

पुण्यातील ‘अनाथ बालिकाश्रम मंडळी’ची स्थापना धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये केली. विधवांना आसरा देऊन शिकवावे आणि स्वतःच्या पायांवर उभे करावे, हा तिचा हेतू होता. कर्व्यांनी 1893 मध्ये गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला होता. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. या विवाहामुळे कर्व्यांना मुरुड या आपल्या गावी सामाजिक बहिष्कार सोसावा लागला.

बालविवाहामुळे अनेक मुलींना कोवळ्या वयातच वैधव्य येई. केशवपन होई, उरलेले आयुष्य नातलगांच्या घरी राबण्यात जाई. पुनर्विवाहाला तयार होणाऱ्या थोड्याच. शिक्षणाचा उपयोग मात्र प्रत्येकीला होता. कर्व्यांचे हे निदान अचूक होते.

प्लेगच्या काळात, 1900 मध्ये, आश्रम शहराबाहेर हिंगण्याला गेला. जमीन रावबहादूर गोखले यांनी दिली आणि तेथे पहिली झोपडी उभी राहिली. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे कर्वे तेथून पायी ये-जा करत. गोदूबाईंची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले यांनी आश्रमासाठी गावोगाव निधी जमवला. त्यासाठी त्या अमेरिकेपर्यंत गेल्या. संस्थेच्या इतिहासात त्यांचे नाव कर्व्यांच्या बरोबरीने यायला हवे.

पुढे 1907 मध्ये महिला विद्यालय निघाले आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठ. कर्व्यांना 1958 मध्ये भारतरत्न मिळाले. मूळ संस्था आज ‘महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था’ या नावाने कर्वेनगरमध्ये कार्यरत आहे.