औषधाचा येवा आणि विसर्ग

गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहतात, आणि वर गंगापूर धरणातून किती विसर्ग सुटला याची चौकशी करतात. धरणातील पातळी म्हणजे येवा आणि विसर्ग यांचा हिशेब. रक्तातील औषधाचेही असेच असते.

डोक्याला जबर मार लागला की मेंदूतील पेशींचे विद्युत्-व्यवहार विस्कळीत होऊन आकडी येऊ शकते. म्हणून गंभीर इजेनंतर पहिले सात दिवस बहुधा प्रतिबंधक औषध देतात. त्यांपैकी फेनिटॉइनची विल्हेवाट यकृत लावते. हल्ली पुष्कळ ठिकाणी लेव्हेटिरासेटाम वापरतात. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग जसाच्या तसा लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणजे येथे विसर्गाचे दार मूत्रपिंडाच्या हाती.

निरोगी तरुणाची मूत्रपिंडे मिनिटाला सुमारे 125 मिलिलिटर द्रव गाळतात. ती मंदावली की औषध साचते आणि रुग्णाला गुंगी येते. ही गुंगी औषधाची की इजेची, हे नुसते पाहून ओळखणे कठीण. पण आम्हाला अधिक नवल वाटते ते उलट्या प्रकाराचे. मेंदूला इजा झालेल्या तरुणांत पहिल्या काही दिवसांत गाळण्याचा वेग कित्येकदा 130 च्याही वर जातो. हृदय जोराने रक्त ढकलते, शिरेतून द्रवही दिलेले असतात. मोटारसायकलवरून पडलेल्या धडधाकट तरुणाची मूत्रपिंडेच औषध भराभर बाहेर टाकतात!

वर्गात हे गणिताने दाखवता येईल. निरोगी प्रौढात या औषधाचा अर्धायुकाल 6 ते 8 तास असतो. 6 धरला तर 12 तासांनी, म्हणजे पुढच्या मात्रेच्या वेळी, एक चतुर्थांश औषध उरते. तो 4 तासांवर आला तर उरतो एक अष्टमांश. मूत्रपिंडे जवळजवळ बंद असतील, तर अर्धायुकाल 25 तासांपर्यंत लांबतो आणि सत्तर टक्क्यांहून अधिक शिल्लक राहते. मात्रा तीच, पातळ्या तीन. आता 4 तासांच्या रुग्णाला दर 8 तासांनी औषध दिले तर? मुलांनाच विचारावे.

मूत्रपिंड मंदावल्याची खबर रक्तातील वाढलेले क्रिएटिनिन देते. वेग वाढला असता मात्र क्रिएटिनिन कमी किंवा चक्क ‘नॉर्मल’ दिसते, आणि तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. अशा वेळी काही तासांची लघवी साठवून तिच्यातील क्रिएटिनिन मोजले, की खरा विसर्ग कळतो.