उन्हाच्या मुलखातील काच

चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजारपेठांत दुकानाचे नूतनीकरण निघाले, की दर्शनी भिंत काढून तेथे वरपासून खालपर्यंत काच बसविण्याचा विचार प्रथम पुढे येतो. त्यात वावगे काही नाही. माल रस्त्यावरून दिसावा, ही व्यापाराची रास्त गरज आहे. मात्र ज्या मुलखात मे महिन्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढतो, तेथे काचेचा खर्च केवळ चौरस फुटाच्या दराने मोजून भागत नाही. काचेची रक्कम एकदाच द्यावी लागते. विजेचे देयक दरमहा येते.

जुन्या घरांनाही काच परकी नव्हती. कौलारू छपरात मधेच एखादे काचेचे कौल बसवीत आणि तेवढ्यावर माजघर उजळत असे. बाकी भिंती जाड, खिडक्या लहान. काचेतून ऊन आत शिरते व वस्तू तापतात. पण तापलेल्या वस्तूंची उष्णता त्याच काचेतून सहजासहजी बाहेर पडत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत हेच घडते.

यात दिशेला फार महत्त्व आहे. चंद्रपूर सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, त्यामुळे दक्षिणेकडील काचेला साधा सज्जाही पुरतो. पश्चिमेचे ऊन मात्र दुपारनंतर तिरपे होऊन सज्ज्याखालून सरळ आत येते. तेथे काच कमी ठेवावी, अथवा बाहेरून बांबूचे तट्टे सोडावेत. या दोन जिल्ह्यांत बांबूला तोटा नाही. आतला पडदा उशिराचा उपाय होय, कारण तोवर उष्णता घरात आलेली असते. केंद्राच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने २०१७ साली मोठ्या व्यापारी इमारतींसाठी काचेचे प्रमाण सर्वसाधारणपणे बाह्य भिंतींच्या ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित केले, ते उगाच नव्हे. कापड दुकानदाराने आणखी एक गोष्ट पाहावी. दोन काचांमध्ये पारदर्शक थर असलेली लॅमिनेटेड काच अतिनील किरण बहुतांशी अडवते. मांडणीतल्या साड्यांचा रंग उडण्याचा वेग त्याने कमी होतो.

ऊन परतविणारी आरशासारखी काच वीज वाचवते, हे खरे. पण तिच्यात समोरचे झाड व आकाश हुबेहूब उमटते आणि पाखरू त्या झाडाकडे झेपावते. अमेरिकेत अशा धडकांनी दरवर्षी ३६ कोटींहून अधिक पक्षी मरत असावेत, असा अंदाज २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात तर रान गावाच्या वेशीपर्यंत आलेले असते. पाणी गाळून पिणाऱ्या घराण्यांना ही बाब क्षुल्लक वाटू नये. उपाय महाग नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूस ठिपके वा रेषांची नक्षी करून घ्यावी व त्यांतील अंतर ५ सेंटिमीटरपेक्षा अधिक ठेवू नये. एखादे गरुडाचे चित्र चिकटवून भागत नाही, पाखरे त्याच्या बाजूने जाऊन आदळतात. नक्षी आतल्या बाजूस केली, तर बाहेरच्या प्रतिबिंबात ती झाकली जाते. म्हणून काचवाल्याला मागणी देतानाच बाजू लिहून द्यावी.