नागाचं विष आणि आपला मेंदू

कामरगावच्या शिवारात सोयाबीन आणि पऱ्हाटी वाढली की निंदणाला जाणाऱ्या बाया नागाच्या भीतीने पाय जपून टाकतात. नागाच्या विषातली काही प्रथिनं स्नायूंवर निरोप घेणाऱ्या ॲसिटिलकोलीन रिसेप्टरना घट्ट चिकटतात. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचत नाही, पापण्या मिटू लागतात, शेवटी श्वास थांबतो.

याच घडणीचं एक प्रथिन आपल्या मेंदूत आहे, लिंक्स-१. ते १९९९ मध्ये उजेडात आलं. तेही याच प्रकारच्या रिसेप्टरना धरतं, पण त्यांचा जोर आवरण्यापुरतं. नागाच्या वंशात या कुळातल्या जनुकाच्या प्रती वाढल्या, बदलल्या आणि विषग्रंथीत कामाला लागल्या.

हे नातं तपासायला आज साधा मोबाइलही पुरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेने ७ जुलै २००० रोजी मानवी जनुकसंचाचा मसुदा इंटरनेटवर सर्वांना खुला केला. त्याचे तुकडे जुळवणारा प्रोग्राम जिम केंट या पीएचडीच्या विद्यार्थ्याने काही आठवड्यांत लिहिला होता. तिथल्या जीनोम ब्राउझरमध्ये आपलं एखादं जनुक उघडलं की उंदीर, कोंबडी, बेडूक, झेब्राफिश असे माणूस धरून शंभर पृष्ठवंशीय प्राणी एकाखाली एक मांडलेले दिसतात. युरोपातलं एन्सेम्बलही असंच मोफत आहे.

लिंक्स-१ आणि नागाचं न्यूरोटॉक्सिन यांचे अमिनो आम्लांचे, अक्षरांत लिहिलेले क्रम शेजारी ठेवले तर आधी निराशाच होते, कारण बहुतेक अक्षरं जुळत नाहीत. मग सिस्टीन हे अमिनो आम्ल शोधावं. ते मात्र ठरावीक अंतराने दोन्हीकडे येतं, कारण त्याच्या जोड्यांचे बंध रेणूला तीन बोटांचा आकार देतात. मला तरी साम्याच्या टक्क्यापेक्षा हे टिकून राहिलेलं अक्षर जास्त बोलकं वाटतं.

भारतीय नागाचा जनुकसंच २०२० मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विषाची १३९ जनुकं सापडली. त्यांतली १९ मुख्यतः विषग्रंथीतच चालतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचं नाव सर्पदंशावरच्या ज्या प्रतिविषाशी जोडलेलं आहे, ते आजही घोड्याला थोडं थोडं विष टोचून, त्याच्या रक्तातून मिळवलं जातं. नेमक्या या १९ विषांना पकडणारी प्रतिपिंडं प्रयोगशाळेत घडवता आली, तर नागाच्या विषापुरती तरी घोड्याची गरज कदाचित उरणार नाही. पण त्यांनी नागाचं विष धरावं आणि आपलं लिंक्स-१ सोडावं, हे आधी पाहावं लागेल. त्यासाठी माणूस आणि नाग यांचे क्रम शेजारी मांडूनच सुरुवात करावी लागते.